थंड पाण्यात धुतलेला शर्ट

सरकारी रुग्णालयातल्या खिडकीच्या काचेला बोलण्यापुरतं गोल भोक होतं, तेही इतकं खाली की वाकल्याशिवाय आतल्या कारकुनाला ऐकू जायचं नाही. ती वाकली नाही. गेले दोन दिवस ती वाकूनच होती — लाँड्रीच्या टबावर, दुखऱ्या पोटावर, स्वतःवर… आता पुरे.

"काय होतंय?"

"बलात्कार झालाय," ती ताठ उभी राहून मोठ्याने म्हणाली. "त्यासाठीची खोली कुठली?"

मागची रांग चिडीचूप झाली. होऊ दे. लाज मला कशाला… ज्याने केलं तो लाँड्रीच्या मालकाचा मेहुणा आजही दुकानात शीळ घालत फिरत असेल. कारकुनाने तिच्याकडे न बघताच सांगितलं — दुसरा मजला, दातांच्या विभागाच्या पलीकडे.

जिना चढताना मात्र ती मध्येच थांबली. तो प्रश्न येणारच होता : त्या वेळचे कपडे कुठायत? पंधरा वर्षं ती लोकांचे डाग काढतेय; रक्ताला थंड पाणी, गरम लावलं की डाग बसलाच, हे ती झोपेतही सांगेल. परवा दुपारी इस्त्रीच्या खोलीतून ती कशीबशी घरी पोचली, आणि हातांनी कुणाला न विचारता अंगावरचा शर्ट थंड पाण्यात बुडवला, चोळला, पिळला, वाळत घातला… वर कडक इस्त्रीही केली. काय म्हणावं या हातांना. मोठी बहीण फोनवर म्हणाली होती, "धुतलास ना? मग आता तोंड मिटून बस. कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?" बहिणीची माया खरी होती, म्हणून ते जास्त लागलं.

समुपदेशक बाई तिच्याहून लहान निघाली. "दार लावू की उघडं ठेवू?" तिने विचारलं. दोन दिवसांत कुणी तिला तिची मर्जी विचारली नव्हती.

"उघडंच ठेवा."

"आधी डॉक्टर तपासतील, औषधं देतील. तक्रार करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. आज नाही ठरलं तरी उपचार थांबत नाहीत."

"कपडे मी धुतलेत," ती मध्येच म्हणाली, भांडायच्या तयारीने. "चांगले धुतलेत."

बाईने नुसता अर्ज पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती — घटनेच्या वेळचे कपडे : आहेत, नाहीत, धुतले.

धुतले. हाताने लिहिलेलं नव्हतं, छापलेलं होतं. म्हणजे इतक्या जणींनी धुतले की शेवटी कुणाला तरी तो शब्द छापून घ्यावा लागला… आणि धुऊनही त्या इथवर आल्या, बोलल्या, त्यांचं लिहून घेतलं गेलं. दोन दिवस ती आपल्याच हातांवर दात खात होती. तो राग आता ज्याच्या वाट्याचा होता त्याच्याकडे वळला.

"कपडे असतील तर तसेच राहू द्या," बाई म्हणाली. "धुतल्यावरही कधीकधी पुरावा सापडतो."

तिने 'धुतले' या शब्दापुढे खूण केली. तक्रारीचा रकाना खाली रिकामा होता. त्यात काय लिहायचं ते तिला अजून माहीत नव्हतं. पण बहिणीला विचारून लिहायचं नाही, एवढं पक्कं झालं होतं.