गॅस वाढव

आबांच्या घराण्यात काहीच बंद होत नसे. दुकान वाढवायचं, बांगडी वाढवायची, देवापुढचा दिवाही वाढवायचा. मराठीत जे जे संपतं ते वाढतं. माणसं तेवढी सरळ जातात. सिंगापूरला, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये पस्तीस वर्षं काढूनही आबांच्या तोंडून "बंद" कधी निघालं नाही. "टीव्ही वाढव," म्हणाले की साधनाआजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "म्हणजे ऑफ कर." ती गेली आणि टीव्हीचा आवाज मोठा होत चालला. आबांना वाटे, नात श्रियाला ऐकू कमी येतं.

शनिवारी दुपारी मुलगा सारंग आणि सूनबाई बाहेर गेलेले. आबा वरण शिजत ठेवून, नवा गुडघा सांभाळत सोफ्यावर टेकले. वरण उतू गेलं, ज्योत विझली, गॅस येत राहिला. वास हॉलपर्यंत आला तेव्हा वॉकर हाताशी नव्हता. अशा वेळी काय करायचं याचा कागद सारंगने लॅमिनेट करून फ्रिजवर लावला होता. तो बँकेत धोक्यांचा अंदाज बांधतो. कागद वाचायला आधी गॅसमध्ये शिरावं लागेल, हा एवढा अंदाज चुकला होता.

"श्रिया, आधी गॅस वाढव."

ती गेली, बटण पूर्ण फिरवून आली. मग नाक मुरडून म्हणाली, "So smelly lah, आबा," आणि पंख्याच्या बटणाकडे वळली.

"स्विचला हात लावू नकोस. गॅस वाढवलास ना?"

"Already full."

आबा तिच्याकडे बघत राहिले. टीव्हीचं त्यांना तिथल्या तिथे कळलं. दुसरं जे कळलं, ते कळायला नको होतं.

"बंद कर," आबा म्हणाले. शब्द नव्या कवळीसारखा तोंडात बोचला. "बटण बंद कर. पाइपवरची पिवळी चावी आडवी कर. खिडक्या उघड आणि बाहेर चल."

तिने निमूटपणे सगळं केलं, वॉकर आणून दिला. दोघं जिन्याने एक मजला उतरून बसली. तिथून तिने आधी गॅसवाल्यांना फोन केला, मग बापाला, आणि हसत हसत सगळं सांगितलं: आबा आधी increase म्हणाले, मग off.

मग सारंगने आबांना फोन द्यायला सांगितलं.

साधनाआजीला मशिनवर ठेवलं होतं तेव्हा, डॉक्टरांनी आशा नाही म्हटल्यावर, आबा कॉरिडॉरमध्ये त्याला म्हणाले होते, "वाढवा आता." सारंगने आत जाऊन इंग्रजीत सांगितलं, बाबांना सगळे उपचार चालू ठेवायचेत. त्या दोन वाक्यांमध्ये उभी राहून अर्थ सांगणारी बाई मशिनवर होती. ती आणखी अकरा दिवस राहिली. पोराला धीर होत नसेल, असं समजून आबांनी कधी विचारलं नाही.

"बाबा," सारंग म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

आबांनी वर पाहिलं. त्यांच्या मजल्यावरून अजून गॅसचा वास येत होता.

"तू जे ऐकलंस तेच."

"नक्की?"

"नक्की. आता फोन वाढव."

सारंगने फोन ठेवला नाही. आबांनीही नाही. श्रियाने थोडी वाट पाहिली, मग आबांच्या हातातून फोन घेतला आणि आवाज मोठा केला.