यादीतलं एकमेव नाव

माझ्या मुलीच्या दोन्ही मनगटांना डॉक्टरांनी पट्टे बांधले आणि बजावलं, तीन महिने कीबोर्डला हात लावायचा नाही. लावलात तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही बोटांची खात्री देणार नाही.

"ऑफिसचं काही नाही, रजा मिळेल," घरी येताच ती म्हणाली. "पण अक्षरांचं कोण बघणार?"

अक्षरांचं म्हणजे ब्राउझरचं. इंटरनेटवरची पानं ज्यातून उघडतात तो हा ब्राउझर कुठल्या एका कंपनीचा नाही. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून, हौसेनं तो घडवतात. अधू नजरेच्या लोकांसाठी अक्षरं मोठी करायचा भाग अकरा वर्षं माझी मुलगी सांभाळत होती, एकटीच. साठीला टेकल्यावर मी वाचायला शिकलो ते त्याच मोठ्या अक्षरांवर, त्यामुळे त्या कामाला नावं ठेवायची माझी हिंमत नव्हती. जावई मात्र म्हणायचे, "बाबा, हिचे दोन संसार आहेत. त्यातला माझा धाकटा."

"सोडून दे," मी म्हणालो.

"सोडता येत नाही ना, बाबा." तिनं मला एक यादी दाखवली. कोणता भाग कोणाकडे, ते त्यात लिहिलेलं. कोणी काही बदललं की त्या भागाच्या माणसानं ते वाचून मंजूर करायचं, मगच ते ब्राउझरमध्ये जातं. तिच्या भागापुढे तिचं एकटीचंच नाव होतं. "मी माझं नाव खोडलं, तर तो बदल मंजूर कोणी करायचा? मीच. आणि आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही, असा नियम आहे."

"कुठल्या शहाण्यानं केला हा नियम?"

"मीच सुचवला होता," ती ओशाळून म्हणाली.

"मग दुसऱ्या कोणाला तरी खोडायला सांग."

"जागा रिकामी राहिली तर यंत्रच बदल परत पाठवतं. एक तरी नाव हवंच. हात दुखायला लागल्यापासून चार महिने सगळ्यांच्या विनवण्या करतेय. जो तो म्हणतो, ताई, तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला!"

"म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शिडी पळवली."

ती हसली नाही. पट्ट्यांतून बाहेर आलेली तिची बोटं टेबलावर आपोआप हलत होती, काहीतरी टाइप केल्यासारखी. मला ते बघवेना.

"माझं नाव घाल," मी म्हणालो.

"बाबा, कोडमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही."

"नाव तर लिहिता येतं? दारावरच्या पाटीला कुठे घर चालवावं लागतं!"

तक्रारी कळवण्यासाठी तिनं मला मागेच खातं उघडून दिलं होतं. ती सांगेल तसं, एका बोटानं, मी तिचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. बदल माझा, तेव्हा मंजुरी तिची. जावयांनी तिला माउसला हात लावू दिला नाही, बटण त्यांनीच दाबलं. वर म्हणाले, "चला, सवत गेली."

सकाळी माझ्या खात्यात एकेचाळीस पत्रं होती.

"पडू द्या," मुलगी म्हणाली. "उघडूच नका."

पण आलेलं पत्र न वाचता ठेवणं माझ्याच्यानं होत नाही. पहिलंच एका म्हातारीचं होतं. अक्षरं मोठी केली की ओळीचा शेवट कापला जातो, आणि औषधाच्या किती गोळ्या घ्यायच्या ते नेमकं तिथेच लिहिलेलं असतं. कोणीतरी दुरुस्तीही पाठवली होती. ती मंजुरीसाठी थांबलेली, आणि मंजुरी माझ्याकडे. बरोबर की चूक, मला काय कळणार? मी मुलीला हाक मारली.

ती आधी दारातून सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या मागे उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो आणि परत येऊन बघतो तर ती माझ्या खुर्चीत, उजव्या हाताचा पट्टा सोडलेला.

"एकच ओळ होती हो, बाबा."

त्या दुपारी तिच्या हातात कप राहीना. जावयांनी फरशीवरच्या काचा गोळा केल्या. एकदाही विनोद केला नाही.

माझं नाव खोडायचं, तर मंजुरी माझीच लागणार, म्हणजे बदल दुसऱ्यानं करायचा आणि जागी नावही त्याचंच हवं. नवा माणूस शोधायला मी बारा जणांना लिहिलं. अकरा जणांनी शुभेच्छा दिल्या, बाराव्याचं उत्तर अजून यायचंय.

आता मी कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणलाय आणि आतून कडी लावतो. ती बाहेर येऊन विचारते, "बाबा, आज काय आलंय?"

"काही नाही."

"खोटं बोलू नका. तुमचं वाचन इथपर्यंत ऐकू येतं."

मी ओठ घट्ट मिटून वाचायला गेलो. दोन शब्दांच्या पुढे सरकेना, आवाज काढल्याशिवाय मला अक्षर लागतच नाही. मग अगदी कुजबुजत, शब्द शब्द लावत वाचू लागलो. बाहेर तिनं खुर्ची ओढून दाराला लावली.

"ती तिसरी ओळ परत वाचा," ती म्हणाली.