फाटकापर्यंतचं बोलणं

"डावीकडे इतक्यात बघू नका," आन्सेल्म माइकवर म्हणाले. "पुलावर पोचलो की मी सांगतो. आत्ता बघाल तर नुसती झाडंच दिसतील."

मिनीबसमधल्या आठही माना निमूटपणे सरळ राहिल्या. पुढच्या सीटवर ओदीलनं कपाळ काचेला टेकवलं. सहा वर्षं हेच चाललं होतं. सकाळी पावणेनऊला फ्रान्समधल्या तूर शहरातून निघायचं, दिवसभरात ल्वार नदीकाठचे तीन शातो, म्हणजे जुने राजवाडे, आणि त्यांच्या बागा उरकायच्या आणि सुजलेले पाय घेऊन संध्याकाळी परतायचं. गाडी तिचे वडील आन्सेल्म चालवत, शातोच्या आतलं सगळं ती दाखवत असे.

गाइडचं कार्ड तिच्याकडे होतं. आन्सेल्मकडे नव्हतं, त्यामुळे त्यांचं बोलणं फाटकापर्यंतच. आत ड्रायव्हरनं माहिती सांगितली की तक्रार होई. म्हणून तीस वर्षांत माळ्यांकडून आणि राखणदारांकडून ऐकलेलं सगळं ते गाडीतच सांगून टाकत. कार्डाची परीक्षा देताना ओदीलनं ढीगभर पुस्तकं वाचली होती, पण पुस्तकांत नसलेलं बरंच काही तिला या गाडीत मिळालं होतं.

ती त्यांची मुलगी आहे हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ती लग्नानंतरचं आडनाव लावत असे. नोकरीला लागली तेव्हा तेच म्हणाले होते, "सांगू नकोस, पोरी. बापानं चिकटवली म्हणतील." पुढे सांगायला हरकत नव्हती. तिनं सांगितलं नाही.

व्हालब्रेच्या शातोत ती सगळ्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेली. क्वेबेकहून आलेल्या मादाम तेत्रो गुडघ्यामुळे खालीच बसल्या. वरची चक्कर संपवून ओदील खाली आली, तर आन्सेल्म बागेतल्या बाकाशी वाकून छत्रीच्या टोकानं वाळूत नक्षी काढत होते.

"ही बाग खालून बघायचीच नाही, मादाम. वरच्या खिडकीतून बघायला आखलीय. राणीसाहेब खिडकीत, आपण चिखलात!"

मादाम तेत्रो खळखळून हसल्या. "आणि इतकी सरळ कापतात कशी ही कुंपणं?"

"दोरी ताणून. नजरेवर भरवसा ठेवणारा माळी इथं एक उन्हाळा टिकत नाही."

"काय हो, कार्ड आहे का तुमच्याकडे?" फाटकावरची गिस्लेन तरातरा चालत आली होती. मग तिनं ओदीलकडे पाहिलं. "हे तुमच्यातले का?"

ओदीलच्या मागे सात माणसं उभी होती. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं आणि तिसरा शातो अजून व्हायचा होता.

"ड्रायव्हर आहेत आमचे," ती म्हणाली. "मी समज देते त्यांना."

"अहो, मीच विचारलं," मादाम तेत्रो म्हणाल्या.

आन्सेल्मनी गिस्लेनकडे वळून टोपी काढली. "चुकलं, मादाम." त्यांनी वाळूतली नक्षी बुटानं पुसली आणि ते गाडीकडे गेले.

परतीच्या वाटेवर माइक बंदच राहिला. ओदीलला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं. तूरला सगळी उतरल्यावर आन्सेल्मनी विचारलं, "डोकं दुखतंय ना? घरी जा. गाडी मी झाडतो."

"हं," म्हणून ती निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची काच पुसता पुसता त्यांचं हृदय बंद पडलं. ओदील त्यांची मुलगी असल्याचं ऑफिसातल्यांना अंत्यविधीच्या पत्रिकेवरून कळलं.

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. नवा ड्रायव्हर यानिक भला माणूस होता. तो रेडिओ लावत असे. पुलावरून जाताना सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये पाहिलं, आणि ओदीलनं हातातला माइक परत खाचेत अडकवला.

व्हालब्रेच्या फाटकावर गिस्लेन तिकिटं तपासत होती.

"तुमचे ते म्हातारबुवा कुठायत? सुट्टीवर?"

"वारले."

"अगंबाई! कधी?" तिनं तिकीट फाडता फाडता हात थांबवला. "बडबडे होते, पण मला रोज बोंझूर घालायचे. बाकीचे ड्रायव्हर बघतसुद्धा नाहीत हो."

"हो," ओदील म्हणाली आणि आत गेली.

जिना चढून ती सगळ्यांना खिडकीपाशी घेऊन गेली. खाली बाग आखल्यासारखी पसरली होती. तिनं नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि ते मध्येच सुटलं. "दहा मिनिटं बघा निवांत," ती म्हणाली. "आलेच मी."

ती जिना उतरून फाटकाशी आली. गिस्लेनपुढे एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या बाईनं पिशवीत कुत्रं लपवलं होतं आणि त्यावरून वाद चालला होता. ओदील वाद संपेपर्यंत थांबली.

"काय राहिलं?" गिस्लेननं विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत, हे तुमच्यातले का."

"कुणाबद्दल?"

"ड्रायव्हरबद्दल." तिचा आवाज हवा त्याहून मोठा निघाला. कुत्र्यावाल्या बाईनंही वळून पाहिलं. "ते माझे वडील होते."