शाल्मलेची शेवटची फेरी

धारवाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे दत्तात्रेय मास्तर आणि त्यांची बायको जयलक्ष्मी, दोघांनाही उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचं वेड होतं. घरात मूलबाळ नव्हतं. रविवारी जेवणं आटोपली की मोटारीने हुबळीला जायचं आणि कुणाला न भेटता परत यायचं, हा त्यांचा नेम. शेजारणी विचारत, “हुबळीला कोण आहे हो तुमचं?” जयलक्ष्मी म्हणे, “कुणी नाही. वाट चांगली आहे.”

त्या मोटारी बाळाचार्य नावाच्या गृहस्थांच्या. प्रत्येकीच्या कपाळावर एकेका नदीचं नाव रंगवलेलं होतं : मलप्रभा, वरदा, शाल्मला. घरात बसल्या बसल्या नुसत्या भोंग्यावरून नवराबायको ओळखत, ‘वरदा आली.’ लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळशाच्या वायूच्या भट्ट्या लागल्या. धुराने काळ्या होऊन त्या खोकत, धापा टाकत चालत राहिल्या. लढाई संपली, नव्या मोटारी आल्या आणि जुन्या एकेक करून जायला लागल्या.

कुठली कुठे गेली याचा दोघांनी माग ठेवला. मलप्रभेच्या खिडक्या हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका लोखंडवाल्याकडे भिंतीला टेकलेल्या दिसल्या. वरदेची बाकं एका खाणावळीत सापडली. तिथे बसून दोघांनी कॉफी घेतली. खाणावळ जागच्या जागी होती, पण आपण हलतोय असंच मास्तरांना वाटत राहिलं. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, “तुलाही वाटलं का गं?”

“मला तर वळणसुद्धा लागलं,” जयलक्ष्मी म्हणाली.

उरली शाल्मला. तिची शेवटची फेरी ठरली त्याच आठवड्यात मास्तरांना मुदतीचा ताप भरला. त्यांची बहीण शांता शुश्रूषेला आली. फेरीच्या दिवशी जयलक्ष्मी त्यांच्या उशाशीच बसून होती. मास्तरच डोळे उघडून म्हणाले, “तू जा. शांता आहे माझ्यापाशी. येऊन मला सगळं सांग.”

“तुम्हाला असं सोडून?”

“अगं, दोघांनीही चुकवायची का?”

शांता म्हणाली, “जा वहिनी. नाहीतर दादा दिवसभर तेच घोकत बसेल.”

जयलक्ष्मी गेली. नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. शेजारची जागा तिने पिशवी ठेवून राखली आणि कुणी मागितली तरी दिली नाही. ड्रायव्हर होता कृष्णा, पहिल्यापासून शाल्मलेवरचाच. उणकलच्या अलीकडे, तळं दिसायला लागतं त्या उतारापाशी शाल्मला उचकी लागल्यासारखी थरथरली आणि बंद पडली. कृष्णाने खाली उतरून हँडल मारलं. ते उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मुरगळलं.

“आता ढकलूनच चालू करायला पाहिजे,” तो हात पोटाशी धरून म्हणाला. “पण मला चाक धरवणार नाही. कुणीतरी आत बसा.”

उतारूंपैकी कुणी पुढे होईना. एक वकील म्हणाले, “मी ढकलतो, पण चाकाचं आपल्याला काही कळत नाही.”

जयलक्ष्मीच्या तोंडून निघून गेलं, “मी धरते.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान तापले. पण इतकी वर्षं ती कृष्णाच्या पाठीमागे बसून त्याचे हातपाय बघत आली होती. पेरूची टोपली घेतलेली एक बाई कन्नडमधून ओरडली, “हत्त्री अक्का! होगोण!” चढा अक्का, जाऊ या.

जयलक्ष्मी कासोटा सावरून चढली. कृष्णा बाहेर फळीवर उभा राहिला आणि चांगला हात आत घालून त्याने गिअर टाकला. “डावा पाय दाबून धरा, अक्का. मी ‘सोडा’ म्हणेन तेव्हा सोडा.”

मागून जोर लागला. शाल्मला हलली. मग उतार आला आणि ढकलणारे मागे पडले. यंत्राचा आवाज नाही, भोंगा नाही, फक्त वारा. समोर तळं पसरलेलं, त्यावर दुपारचं ऊन सांडलेलं. पाणवठ्यावरचे बगळे उडालेसुद्धा नाहीत, इतकी ती गुपचूप चालली होती. जयलक्ष्मीला वाटलं, आपण रस्त्यावर नाहीच. पाण्यावरूनच चाललोय, काठ तेवढा मागे सरतोय. कृष्णाने लगेच ‘सोडा’ म्हटलं नाही. तोही तळ्याकडेच बघत होता.

मग तो हळूच म्हणाला, “सोडा आता.”

शाल्मलेला कंठ फुटला. मागे उतारू ओरडत धावत आले आणि हळू चाललेल्या गाडीत एकेक करून चढले. उणकल गाव येईपर्यंत जयलक्ष्मीने चाक सोडलं नाही.

संध्याकाळी तिने मास्तरांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. ते तापात होते, मधूनच हसत होते. ताप उतरल्यावर एका सकाळी ते म्हणाले, “मला एक स्वप्न पडलं होतं. तू शाल्मला चालवत होतीस.”

“कुठवर गेले मी?”

“तळ्यावरून गेलीस. थांबलीच नाहीस.”

जयलक्ष्मीने पेजेची वाटी पुढे केली. “ते स्वप्न नव्हतं,” ती म्हणाली. मास्तरांनी तिचा हात हातात घेतला आणि चाकाच्या खुणा शोधाव्यात तसा तळवा निरखला.

शाल्मलेचा सांगाडा अळणावरजवळच्या पुंडलिक नावाच्या शेतकऱ्याने नेला, हे कृष्णाकडून कळलं. मास्तरांच्या अंगात थोडी शक्ती आल्यावर दोघं आगगाडीने तिकडे गेली. भातशेताच्या कडेला आंब्याखाली शाल्मला उभी होती. चाकं नव्हती, दगडांवर टेकवलेली. पुंडलिकाची बायको सोनाबाई आतून वाकून म्हणाली, “या की. पर हळू बसा. मागच्या बाकड्यावर कोंबडी अंड्यावर बसलीय.”

दोघं पाय न वाजवता आत जाऊन बसली. खिडकीबाहेर भात वाऱ्याने एका अंगाला वाकत होतं. बघता बघता मास्तरांचा डोळा लागला. जयलक्ष्मीने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सोनाबाई समोर येऊन टेकली.

“ही गाडी कुटं जायाची हो?”

“हुबळीला.”

“मी न्हाई बघितली हुबळी. वाट कशी हाय?”

“सांगू?”

सोनाबाईने पदर आवरला आणि प्रवासाला निघाल्यासारखी नीट टेकून बसली. “सांगा.”

जयलक्ष्मी हलक्या आवाजात सांगायला लागली. आधी धारवाडची चढण उतरायची, मग दोन्ही बाजूंना चिंचा लागतात, त्यांच्या सावल्या गाडीत येतात आणि जातात, मग तळं दिसतं, मग उणकल गाव... सोनाबाई खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “जरा सावकाश घ्या. ह्ये गाव बघू द्या.”