गिटार गप्प झाली तेव्हा मी फिरत होते

मी एक जुनी ध्वनिफीत आहे. रंगाने तपकिरी, करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद, आणि लांबीला इतकी की मला सरळ अंथरलं तर तुमची गल्ली संपेल आणि मी उरेन. मित्रांनो, हल्ली मला पाहून लोक "बिचारी" म्हणतात. ते मला मुळीच आवडत नाही. माझ्या अंगात एका बँडचा अख्खा कार्यक्रम आहे आणि तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. अशा फितीला बिचारी म्हणू नये.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या पातळ, लांबरुंद पट्ट्यावर गंजासारखी बारीक पूड गोंदात कालवून फासली, वाळवली, घोटून गुळगुळीत केली, आणि मग धारदार पात्यांनी आम्हा बहिणींना एकमेकींपासून वेगळं केलं. ती पूड म्हणजेच आमची स्मरणशक्ती. गोंदाने तिला सोडलं की आमच्यात राम उरत नाही. माझ्या बऱ्याच बहिणी रेडिओ केंद्रात गेल्या. तिथे त्यांच्यावर रोज नवं भाषण चढवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसायचे. मी मात्र ताईकडे आले.

ताई म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराची थोरली मुलगी. वडिलांच्या हाताखाली शिकता शिकता तिने वडिलांनाच मागे टाकलं होतं. तिचा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. लहानपणापासून ताटं, डबे, दारं, जे हाताला लागेल ते बडवायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. ठोक्याचा मित्र लंबू गिटार वाजवायचा आणि गायचा. आणखी दोघं होते, एक ऑर्गनवर आणि एक बास गिटारवर. असा तो चौघांचा बँड.

त्यांचं संगीत सायकेडेलिक रॉक होतं. तेव्हा तो शब्द नवाकोरा होता आणि निम्म्या लोकांना उच्चारताही यायचा नाही. गाणं एकदा सुरू झालं की कुठे वळेल ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. गिटारचा सूर घुमत, लांबत, स्वतःच्याच मागे धावत यायचा. ती किमया ताईची. एका यंत्रातला आवाज दुसऱ्या यंत्रातून जरासा उशिरा सोडून तिने ती दुकानातल्या टेबलावर जमवली होती. कार्यक्रमात मागच्या पडद्यावर दिव्याच्या झोतात रंगीत तेलाचे थेंब पसरताना दिसायचे. ताईचे काका एकदा ऐकायला आले आणि म्हणाले की पंखा बिघडलाय वाटतं, कुणीतरी बघा. ठोक्या हे सगळ्यांना हसत हसत सांगायचा.

एका कंपनीने त्यांची तबकडी काढली होती, पण गाणं इतकं कापून आणि इतकं गोडगोड करून, की लंबूने ती घरात ठेवायलाही नकार दिला. तेव्हा ताईने ठरवलं की बँड खरा कसा वाजतो ते आपणच टिपायचं.

रविवारची दुपार होती. जागा म्हणजे स्केटिंगचा हॉल, खाली लाकडी फळ्यांची जमीन, आणि हॉल खच्चून भरलेला. ताईने मला यंत्रावर चढवलं. यंत्राची आणि माइकची वीज तिने तिकीटखिडकीतल्या वेगळ्या तारेवरून घेतली होती, कारण रंगमंचाच्या तारेवर तिचा भरवसा नव्हता. तिचा तो अंदाज अगदी बरोबर निघाला.

शेवटचं लांब गाणं ऐन भरात आलं आणि रंगमंचाची वीज गेली. गिटार गप्प, ऑर्गन गप्प, पडद्यावरचे रंगही गेले. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं, मी फिरतेय याची खात्री केली आणि फ्यूज बदलायला धावत गेली. आता माझ्याजवळ कुणीच नव्हतं. पण ठोक्या थांबला नाही. ड्रमला वीज कशाला लागते? तो वाजवत राहिला. आधी पुढच्या रांगेतल्यांनी, मग सगळ्या हॉलने त्या तालावर पाय आपटायला सुरुवात केली. लाकडी जमीनच ड्रम झाली. कितीतरी वेळ हे चाललं. मग दिवे लागले आणि लंबूची गिटार बरोबर समेवर येऊन पडली, जणू सगळं आधीच ठरलं होतं. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मी ते सगळं उचललं, एक ठोकाही सोडला नाही.

पुढे काही काळ माझा थाट विचारू नका. दुकानात माणसं दाटीवाटीने बसून मला ऐकायची आणि तो भाग आला की पाय आपटायची. मग ठोक्याला आजार झाला. तो त्यातून उठला नाही. त्याच्याशिवाय वाजवायचं नाही असं तिघांनी ठरवलं आणि बँड मोडला. लंबू दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. ताईने मला डब्यात ठेवलं आणि डबा कपाटात. तिचा मी राग धरला नाही. भावाचे हात ऐकू येतात आणि भाऊ नाही, हे सोसायला बळ लागतं.

घर बदललं तेव्हा माझा डबा न्हाणीघराच्या माळ्यावर गेला. तिथली ओल माझ्या गोंदात मुरली. बऱ्याच वर्षांनी ताईने धीर करून मला यंत्रावर लावलं. मी चिकटले, किंचाळले, आणि माझी तपकिरी पूड यंत्राला लागली. ताईने यंत्र तिथल्या तिथे बंद केलं, बोटाला लागलेली पूड पाहिली आणि मला परत डब्यात ठेवलं. मी संपले असंच तिला वाटलं.

मी संपले नव्हते. जुन्या बँडचे कार्यक्रम शोधून नव्याने काढणाऱ्या एका कंपनीला लंबूने माझ्याविषयी सांगितलं, आणि त्यांनी एक दुरुस्ती करणारी बाई पाठवली. मी तिला मनातल्या मनात डॉक्टरीणबाई म्हणते. तिने मला हुंगलं, उजेडात धरलं आणि ताईला सरळ सांगितलं की गोंदात पाणी शिरलंय. मंद उबेत ठेवून सुकवता येईल, आणि मग थोडे दिवस फीत वाजेल. पण पूड सुटली तर परत लावता येणार नाही.

"ओले बूट सुकवतात तसं?" ताईने विचारलं.

"तसंच. फक्त बूट जळले तर नवे मिळतात."

ताई तोवर म्हातारी झाली होती, कानाला यंत्र होतं, पण ती कचरली नाही. म्हणाली, माळ्यावर ठेवून तरी हिचं काय होणार आहे.

मी त्या उबदार पेटीत राहिले, बाहेर आले आणि फिरले. सगळी वाजले, पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत. ते जमलं याचा मला आजही अभिमान आहे.

मग डॉक्टरीणबाईने संगणकावर माझा आवाज धुतला. खरखर गेली, गुणगुण गेली. ताईला बोलावून तिने हेडफोन दिले. ताईने शेवटचं गाणं ऐकलं, डोळे उघडले आणि म्हणाली, "फार स्वच्छ झालंय गं. पण माझा भाऊ कुठे गेला?"

झालं होतं असं, की वीज गेल्याचा भाग बिघाड समजून कापला होता, आणि गिटारला गिटार जोडली होती. जोड इतका सफाईदार की कळूही नये. डॉक्टरीणबाई आधी जरा दुखावली. ऐकणाऱ्याला वाटेल फीतच बिघडलीय, कंपनीलाही तसंच वाटतं, असं तिने समजावून पाहिलं. ताई आवाज न चढवता म्हणाली की गुणगुण काढलीस ते उत्तम केलंस, ती मलाही तेव्हापासून खुपत होती. पण तो भाग म्हणजे बिघाड नाही, तोच कार्यक्रम आहे. नुसत्या ड्रमचं काय ऐकायचं असं वाटत असेल तर आधी न कापता ऐक, आणि मग ठरव.

डॉक्टरीणबाईने ऐकलं. आणि ऐकता ऐकता ती पुढे सरकली. पाय आपटण्याच्या गदारोळाखाली तिला काहीतरी लागलं. तो गदारोळ तिने हलक्या हाताने, थोडा थोडा खाली घेतला. ड्रमसमोरच्या माइकने पकडलेला एक आवाज वर आला. दुकानात मला इतक्यांदा ऐकलं होतं, पण तो कुणालाच कधी ऐकू आला नव्हता. लंबू म्हणत होता की आता उतरूया खाली. आणि ठोक्या, हात न थांबवता, धापा टाकत म्हणत होता, "उतरू नकोस. ताई गेलीय ना, म्हणजे वीज येणार."

ताईने हेडफोन काढले नाहीत. फक्त बोटाने खूण केली, पुन्हा. डॉक्टरीणबाईने पुन्हा लावलं. मग ताईने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे शोधलंस तू. मला आयुष्यभर सापडलं नसतं."

कंपनीशी डॉक्टरीणबाई स्वतः भांडली आणि तो भाग अख्खा राहिला. आता ऐकणारे पत्र लिहून सांगतात की तिथे आल्यावर आमचे पाय आपोआप हलतात. लंबूने फोन करून ताईला एवढंच विचारलं की मी खरंच उतरायला निघालो होतो का. ताई म्हणाली, हो, आणि दोघं हसले.

आता मी एका थंड, कोरड्या खोलीत असते. मला बहुधा पुन्हा कुणी वाजवणार नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझं काम मी चोख केलं. पण मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादी फीत, एखादी कॅसेट ओल खात पडली असेल. तिला आज खाली काढा, कोरड्या जागी ठेवा, तिची नक्कल करून घ्या. आणि तिच्यावरची धूळ पुसायला बसाल तेव्हा घाई करू नका. त्या दिवशी तिथे हजर असलेलं कुणी हयात असेल, तर आधी त्यांना शेजारी बसवा आणि विचारा, यातली धूळ कुठली आणि माणूस कुठला.