मागची खोली

“रिसॉर्टमध्ये लिफ्ट आहे,” मनस्वी म्हणाली आणि तिने मोबाइल विमलबाईंच्या नाकासमोर धरला. “बघा तरी. कुणालाच एक पायरी चढायला नको.”

“लिफ्टमंदी बसायला आडखोलला कशाला जायाचं? आपल्या सोसायटीला हाय की लिफ्ट. तू बस, मी बटन दाबतंय.”

आमच्या नेरूळच्या घरात महिला मंडळाची बैठक भरली होती. आडखोलच्या सहलीत उतरायचं कुठे, एवढंच ठरायचं होतं. एरवी त्याला बैठक लागत नसे. आई म्हणायची, “गिरजाबाईंकडे,” आणि विषय संपायचा. आडखोल समुद्रावर उतरत गेलेलं डोंगराळ गाव. माथ्यावर नवं रिसॉर्ट, पायथ्याशी धक्क्याजवळ काही खोल्या, आणि मधल्या उतारावर गिरजाबाईंचं घर. आई पौषात गेली. तिच्या जागी यंदा मी यायचं, हे मंडळाने मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

“मग खाली धक्क्यापाशी घेऊ,” मनस्वी म्हणाली.

“सुक्या मासळीचा वास घ्यायला आमचं करावं गाव काय वाईट हाय?” विमलबाई मूळच्या करावे गावच्या. मुलाने आमच्या समोरचा फ्लॅट घेतला तेव्हा त्या इकडे आल्या. त्यांची जीभ मात्र खाडीकाठीच राहिली.

“गिरजाबाईंकडेच जाऊ या ना,” मी म्हटलं.

मनस्वीने मोबाइल खाली ठेवला. मग मनस्वी जरा हळू आवाजात म्हणाली, “तसं नाही गं, वैदेही. समोरच्या खोल्या छान आहेत, माडीवर, समुद्राकडे तोंड करून. पण एक खोली खाली, मागे, चुलीला लागून. धूर, काळोख. नंदिनीकाकू ती स्वतःहून घ्यायच्या म्हणून निभायचं. आता तिथे कोण झोपणार?”

“गुडघं दुखायचं ना तिचं,” विमलबाई म्हणाल्या. “माडी चढवत नाय म्हनायची. मी रोज राती तेल लावून द्यायची.”

आई मागची खोली घ्यायची, हे मला माहीत नव्हतं, पण नवलही वाटलं नाही. आई कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइड सर्टिफिकेट देणाऱ्या खिडकीत बसली आणि तिथूनच निवृत्त झाली. त्या खिडकीतून दिसायची ती फक्त रांग. घरात कान तुटलेला कप तिचा, करपलेली पोळी तिची, पंख्याचा वारा पोचत नाही ती जागा तिची. ती गेल्यापासून मला तिचं दुसरं काही आठवतच नव्हतं. आणि आता सहलीतसुद्धा मागचीच खोली. ती मला बघायचीही नव्हती.

“रिसॉर्टच घ्या,” मी म्हटलं. “पण गिरजाबाईंना कळवायला हवं. त्या आपल्यासाठी घर राखून ठेवतात.”

नंबर आईच्या मोबाइलमध्ये होता. त्यावरूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“वैनी!” पलीकडून हाकच आली. “अवो, होतात कुठं? मागची खोली सारवून ठेवलीय.”

“मी वैदेही. त्यांची मुलगी.” मग सांगावं लागलं. इतक्या जणांना सांगून झालं होतं, तरी ते वाक्य अजून तोंडात बसलं नव्हतं.

पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. मग गिरजाबाई म्हणाल्या, “आता पाखाडी कोन उतरनार?”

“कसली पाखाडी?”

“मागच्या दाराची गो. दगडी पायऱ्या, घराला वळसा घालून थेट वाळूत उतरतात. वैनी रोज फटफटायच्या आधी तुरुतुरु खाली. लुगडं खोचून पान्यात उभ्या. एकदा मी म्हटलं, बाकीच्यांना पन उठवू काय? तर म्हनाल्या, खबरदार! बाया जाग्या व्हायच्या आत वर येऊन अंथरुनात. म्हनून तर ती खोली हवी असायची. माडीचा जिना वाजतो ना.”

मनस्वीने फोन जवळ ओढला.

“तुरुतुरु?” विमलबाई म्हणाल्या.

“पोरीसारख्या,” गिरजाबाई म्हणाल्या.

“नि चहाच्या टायमाला कन्हत उठायची! ‘विमल, हात दे गं.’ नि मी दिला हात!” विमलबाईंनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बोट रोखलं. “बाटल्याच्या बाटल्या जिरवल्या मी तुझ्या गुडघ्यांत, नंदे!”

मनस्वीला हसू फुटलं आणि हसता हसता ठसका लागला. मग विमलबाईही हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. मीही. काळोखात साडी खोचून पाण्यात उभी असलेली ही लबाड बाई माझ्या ओळखीची नव्हती. तिची ओळख व्हायला हवी असं वाटलं.

“हॅलो? येताय ना?” गिरजाबाईंनी विचारलं.

“येतोय!” मनस्वी ओरडली. “आणि मागची खोली माझी!”

“तुला लिफ्ट पायजे ना? जा की रिसॉर्टमंदी. मागची मी घेतंय,” विमलबाई म्हणाल्या.

“धूर सोसेल तुम्हाला?”

“चुलीवरच जलम गेलाय माझा.”

“मागची मला द्या,” मी म्हटलं.

“तुला कशाला?” विमलबाईंनी डोळे बारीक केले.

“माडी नको. गुडघे दुखतात हल्ली.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि समोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तेलाची बाटली होती. ती त्यांनी माझ्यापुढे टीपॉयवर ठेवली.

“बॅगेत घाल,” त्या म्हणाल्या. “राती लावून देईन.”

बाटली मागच्या सहलीतली होती, निम्मी उरलेली.