हॉर्नविना जळलेला सेट

बडनेऱ्याहून सुगत आला तो देवमनचा अँप्लिफायर पोत्यात गुंडाळून, छातीशी धरून. पाह्यताच माह्या डोक्यात तिडीक गेली.

"अबे, बिघडला तं फोन कराचा ना! काचेच्या वॉल्व्हचा सेट गाडीत असा आदळत आणते का कोणी? मी आलो असतो."

"जय भीम, वामनकाका," तो म्हणाला, आन पोतं टेबलावर ठेवलं.

देवमन माहा जिवाचा दोस्त. मी अकोल्यात सेट दुरुस्त करतो. तो बडनेऱ्याच्या विहारात याच सेटवर वंदना म्हणे, गाणी म्हणे. उन्हाळ्यात गेला. सुगत त्याचा एकुलता पोरगा, रेल्वेत पॉइंट्समन.

"माय कशी हाय?" मी विचारलं.

"बोलत नाही काका. बाबा गेले तवापासून तोंडातून शब्द नाही. जेव म्हटलं तं जेवते, झोप म्हटलं तं झोपते. अमरावतीच्या डॉक्टरनं सांगतलं, आता दवाखान्यात ठेवा लागन. परवा नेतो." त्यानं खिशातला मोबाइल काढला. "बाबाची वंदना मोबाइलात हाय. नेण्याच्या आधी तिले थे त्यायच्याच सेटवर ऐकवाची होती. कालच लावून पाह्यला, तं फ्यूजच उडून राह्यला."

माहा राग कुठल्या कुठं गेला. सुंदरावहिनी, आन मुकी? घरात पाय टाकला का आधी तिचा आवाज ऐकू येत होता, मंग देवमनचा.

मी फ्यूज टाकला, उडाला. आवाजाचे वॉल्व्ह काढून पुन्हा टाकला, तं टिकला. वॉल्व्ह दुसऱ्या सेटमधी लावून पाह्यले, धडधाकट. उरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. वॉल्व्हमधला आवाज हॉर्नपर्यंत, म्हंजे भोंग्यापर्यंत, पोचवते, थो लोखंडी ठोकळा. मीटरवर तार कुठंच तुटलेली दिसेना, पण मीटर इथंच फसवते. म्हून त्याच्या साऱ्या तारा सोडवल्या आन सिरीजचा बल्ब लावला. ट्रान्सफॉर्मर चांगला असला तं बल्ब पेटत नाही. हा भक्कन पेटला! आतली वेटोळी जळून एकमेकाले चिकटली होती.

"जुना झाला होता ना काका," सुगत म्हणाला.

"चूप बे. हे असे आपोआप मरत नसतात."

टॉर्च धरून वॉल्व्हचं सॉकेट पाह्यलं. दोन पिनांच्या मधात काळी रेघ. वीज उडी मारते तवा पडते तशी.

"हॉर्न कोणी काढला होता?"

"मीच. घरात दुःख, सेटचा आवाज नको म्हून तार सोडून ठेवली. काल पुन्हा जोडली. पण मधात सेट कोणी लावलाच नाही."

"लावला. हॉर्न नसताना लावला, आन आवाज पूर्ण वाढवून कोणीतरी माइकवर बोललं. एकदा नाही, लय वेळा. आवाजाले बाहेर जायले वाट नसली का सारा जोर ट्रान्सफॉर्मरवर येते. त्यानंच जळला हा."

"कोण बोलन काका? मी दिवसभर ड्युटीवर. घरात फक्त माय..."

माह्या हातातला पेचकस हातातच राह्यला.

"माय बोलते?" तो म्हणाला, आन लहान पोरासारखा रडाले लागला. खोटं कायले सांगू, मले बी आवरलं नाही.

माह्याकडं एका मोडक्या सेटचा चांगला ट्रान्सफॉर्मर होता. थो बसवला, आन दुसऱ्या दिवशी सुगतसंगं बडनेऱ्याले गेलो. वहिनी भिंतीले टेकून बसली होती. वाळून अर्धी झाली होती, बाप्पा. मी सेट त्याच्या जागेवर ठेवला. मले गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"वहिनी, मांगचा ट्रान्सफॉर्मर तुमी जाळला. हॉर्न न लावता बोलान तं हा बी जळन."

सुगतनं माहा शर्ट ओढला. वहिनीनं माह्याकडं पाह्यलं. मंग तिचे ओठ हालले.

"हॉर्न लावला तं सारी वस्ती ऐकते ना, भाऊजी," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मले फक्त त्यायले सांगाचं असते."

मी पिशवीतून जाडजूड रेझिस्टर काढला, आन हॉर्नच्या तारा लागतात तिथी कथिलाचा डाग देऊन पक्का केला.

"हे घ्या. हॉर्नच्या जागी हे. सारा आवाज हे पिऊन घेते. सेट जळत नाही, आन वस्तीले बी ऐकू जात नाही."

तिनं रेझिस्टरवर बोट ठेवून पाह्यलं. मंग विचारलं, "त्यायले जाईन का ऐकू?"

खोटी आशा देवमननं कधी कोणाले देल्ली नाही, मी बी देत नाही.

"मले नाही माहीत, वहिनी," मी म्हटलं. "पण तुमी बोला."

तिनं मान हालवली आन बटन दाबलं. वॉल्व्ह तापेपर्यंत तिनं पदर सारखा केला, माइक जवळ ओढला, आन आमच्याकडं पाह्यलं. आमी उठून बाहेर आलो. सुगतनं दार लोटलं.

"दवाखान्यात नाही नेत मी तिले," तो हळूच म्हणाला.

आतून वहिनीचा बारीक आवाज येत होता. सुगत दाराले कान लावाले गेला.

"सरक बे," मी त्याचं मनगट धरलं. "आपल्यासाठी नाही थे."

आमी दोघं रस्त्याच्या पार पल्याडच्या बाजूले जाऊन उभे राह्यलो.